समुद्रात सोडलेली किरणोत्सारी वाळू काय सांगते, आणि उजनीत ती का सोडायची नाही

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. मुंबईसारख्या बंदरांत गाळ कुठे जातो हे शोधायला समुद्रात किरणोत्सारी ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल असे खूण केलेले कण, सोडतात असं तुम्हाला वर्गात सांगितलं, तर त्यातून नेमकं कळतं काय? ते धोक्याचं नाही का? आणि तुम्ही सोलापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहात, तर प्रोजेक्टसाठी हीच पद्धत उजनी धरणाच्या गाळाला का लावू नये?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. उजनीत ट्रेसर सोडायचा विचार सोडा. परवानगी मिळणार नाही ही एक गोष्ट, पण उद्या मिळाली तरी त्यातून तुमच्या हाती काही लागणार नाही ही त्याहून मोठी गोष्ट. मात्र याच जातीची दुसरी एक पद्धत आहे, तिला काही सोडावं लागत नाही आणि तिच्यासाठी चांगली जागा तुमच्या घरापासून फार लांब नाही. ती का चालेल हे पटायचं असेल तर आधी समुद्रातलं काम समजून घ्यावं लागेल.

माझी सगळी नोकरी बंदरांच्या मोजणीत गेली. खोली मोजायची, प्रवाह मोजायचा, तळातला गाळ काढून चाळण्या लावायच्या, आणि मधूनमधून ट्रेसरच्या मोहिमेवर लाँचमध्ये बसायचं. मूळ माणूस सोलापूरचा, त्यामुळे समुद्र बघितला तो पोटापाण्यासाठी. म्हणून खाली जे लिहितोय ते लाँचवर बसणाऱ्या माणसाचं आहे, अणुशास्त्रज्ञाचं नाही. अणुशक्तीचा भाग भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं सांभाळतात, पाण्याचा आणि गाळाचा भाग बहुतेक वेळा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडे किंवा बंदराच्या स्वतःच्या इंजिनिअरांकडे असतो. मुंबई, कारवार, मंगळूर, विशाखापट्टणम, हुगळी अशा बऱ्याच ठिकाणी ही कामं झाली आहेत.

आता मूळ अडचण काय असते ती बघा. बंदराच्या चॅनेलमध्ये गाळ भरतो. ड्रेजर लावून तो काढतात आणि बार्जने नेऊन समुद्रात ठरवलेल्या जागी टाकतात. जागा जितकी लांब तितका डिझेलचा खर्च जास्त, म्हणून बंदराला ती जवळ हवी असते. पण जवळ टाकलेला गाळ भरतीबरोबर परत चॅनेलमध्ये येत असेल, तर तोच गाळ आपण वर्षानुवर्षं पैसे मोजून उचलतोय. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, तेव्हा तळावरचा गाळ कुणाबरोबर जातो हे नुसतं काठावरून सांगता येत नाही.

खोलीची मोजणी इथे अर्धंच उत्तर देते. दोन सर्व्हेंमधला फरक काढला की चॅनेलमध्ये किती गाळ साठला ते कळतं, पण तो आला कुठून ते कळत नाही. प्रवाहमापक पाण्याचा वेग सांगतो, पण तळाच्या कणाने त्या पाण्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. जड वाळू लाटेने उचलली जाते आणि प्रवाहाने सरकते, चिखल मात्र दोन तास पाण्यात तरंगून मग बसतो. संगणकावरची गणिती प्रतिकृती सगळं रंगीत करून दाखवते, फक्त तिच्यातले गुणांक कुणीतरी प्रत्यक्ष मोजून द्यावे लागतात. म्हणजे प्रश्न उरतो तो इतका अरुंद: या जागेवरचा गाळ, या मोसमात, त्या जागेपर्यंत जातो का? ट्रेसर या अरुंद प्रश्नाचं उत्तर फार छान देतो. रुंद प्रश्नाला तो निरुपयोगी आहे, हे कायम डोक्यात ठेवा.

सोलापूरच्या माणसाला समजावायला सोपं आहे. मागावरच्या ताण्यात एकाच रंगाचे शेकडो धागे असताना त्यातला एक कुठे जातो ते बघायचं, तर एक धागा रंगवून सोडायचा. पण तो रंगीत धागा बाकीच्यांच्याच जाडीचा आणि पिळाचा पाहिजे. जाड घेतला तर तो वेगळा ताणला जाईल आणि तुम्ही बघाल ते त्या धाग्याचं वागणं, कापडाचं नाही. ट्रेसरचं सगळं शास्त्र या एका अटीभोवती आहे: खूण केलेला कण आकाराने, घनतेने आणि वागण्याने तिथल्या गाळासारखाच असला पाहिजे.

वाळूसाठी ही अट स्कँडियमची काच पुरी करते. काच ओततानाच तिच्यात स्कँडियमचा ऑक्साइड मिसळतात. ही काच अजून किरणोत्सारी नसते, त्यामुळे ती निवांत दळता येते, चाळता येते, आणि जागेवरून आणलेल्या वाळूच्या चाळणी-आलेखाशी जुळेल अशी मिसळता येते. काचेची घनता क्वार्ट्झच्या जवळपास ठेवता येते. सगळं जुळलं की मग ती पूड बंद करून अणुभट्टीत न्यूट्रॉनांसमोर ठेवतात. निसर्गातला सगळाच स्कँडियम हा स्कँडियम-४५ असतो, तो न्यूट्रॉन घेऊन स्कँडियम-४६ होतो. धोकादायक माल दळायची-चाळायची वेळच येत नाही, हा या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग. भारतात हे काम ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांत होतं.

स्कँडियम-४६ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, ८३.८ दिवस. त्यातून ०.८९ आणि १.१२ एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे दोन गॅमा किरण निघतात, म्हणजे थोड्या वाळूखाली दडलेला कणही वरून दिसतो. अर्धायुष्याची निवड ही चवीची बाब नाही. पश्चिम किनाऱ्यावर गाळाची खरी हालचाल पावसाळ्यात होते, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत छोट्या लाँचला बाहेर पडता येत नाही. मेअखेर सोडलेला ट्रेसर सप्टेंबरअखेर शोधायला गेलो तर स्कँडियमचा साधारण ३७ टक्के भाग शिल्लक असतो, काम होतं. तेच सोनं-१९८ घेतलं, ज्याचं अर्धायुष्य २.७ दिवस, तर गणपतीपर्यंत काहीच राहत नाही. उलट चिखलाचा लोट भरतीच्या दोन-चार फेऱ्यांत कुठे जातो एवढंच बघायचं असेल तर सोनं चांगलं, महिनाभरात समुद्र स्वच्छ. मधल्या मुदतीला क्रोमियम-५१ आहे, २७.७ दिवसांचं.

चिखलाच्या बाबतीत काच चालत नाही. काही मायक्रॉनचा चिकणमातीचा कण एकटा फिरत नाही, खाऱ्या पाण्यात त्याचे गुठळे होतात, आणि काचेची तेवढीच बारीक पूड तसे गुठळे करत नाही. तिथे जागेवरचाच चिखल आणून त्याच्या पृष्ठभागावर आयसोटोप, म्हणजे मूलद्रव्याचा किरणोत्सारी प्रकार, चिकटवतात. यात एक बारीक गोम आहे, ती पुस्तकात एका ओळीत संपते आणि अहवालात मात्र फार त्रास देते. काचेत आयसोटोप कणाच्या आत सगळीकडे असतो, म्हणून दुप्पट व्यासाचा कण आठपट किरण देतो. पृष्ठभागावर चिकटवलेला कण चौपटच देतो. म्हणजे वाळूत बारीक-जाड कण मिसळलेले असतील, तर काचेच्या ट्रेसरचा नकाशा हा मुख्यतः जाड कणांच्या प्रवासाचा नकाशा असतो. तो वाचताना हे आठवलं नाही, तर वाळू प्रत्यक्षापेक्षा हळू चालते असं वाटतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब करू. काचेची पूड १०० ग्रॅम घेतली आणि कण सरासरी ०.१ मिलिमीटरचा धरला, तर ती साधारण सात कोटी कणांची असते. व्यास दुप्पट, म्हणजे ०.२ मिलिमीटर केला की त्याच १०० ग्रॅममध्ये नव्वद लाखच कण. कण कमी झाले की पसरल्यावर नकाशा ठिपक्याठिपक्यांचा होतो आणि सरासरी काढायला भरवसा राहत नाही. जाड वाळूला म्हणून जास्त पूड लागते. लोक किरणोत्साराच्या आकड्याकडे बघतात, मला कणांच्या संख्येची काळजी जास्त वाटते.

समुद्रावरचं काम ट्रेसर सोडण्याच्या आधी सुरू होतं, आणि सगळ्यांत कंटाळवाणं पण सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच. तळाचा नैसर्गिक किरणोत्सार मोजून घ्यायचा. केरळच्या किनाऱ्यासारखी मोनाझाइटची वाळू असेल तर तिच्यात थोरियम असतं, आणि थोरियमच्या मालिकेतल्या अॅक्टिनियम-२२८ चा गॅमा ०.९१ एमईव्हीला येतो. आपल्या स्कँडियमच्या ०.८९ ला तो इतका खेटून असतो की पाण्याखाली ओढायच्या सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला दोन वेगळे दिसतच नाहीत. मग मोनाझाइटचा पट्टा हा ट्रेसरचा ढग वाटायला वेळ लागत नाही. म्हणून आधीचा नकाशा नसेल तर नंतरच्या नकाशाला अर्थ नाही.

सोडताना ट्रेसर पाण्याच्या वरून ओतत नाहीत. तळाजवळ नेऊन तिथेच मोकळा करतात, म्हणजे तो लोटाबरोबर भलतीकडे जाऊ नये. वेळ शक्यतो पाणी थांबलेलं असताना, भरती-ओहोटीच्या मधल्या उसंतीत. त्यानंतर डिटेक्टर एका लोखंडी स्लेजवर (घसरगाडीवर) बांधून तळावरून ओढत न्यायचा, लाँच ठरलेल्या रेघांवर चालवायची, आणि दर सेकंदाला काउंट (डिटेक्टरने टिपलेल्या किरणांची संख्या) आणि जीपीएसची जागा नोंदवत जायची. जीपीएसच्या आधीच्या काळात किनाऱ्यावरच्या खुणांवर सेक्स्टंट लावून जागा काढत. तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, जाणता असेल तर निम्मं काम झालं समजा. मुंबईच्या पाण्यात कोळ्यांची डोल जाळी खांबांना बांधलेली असतात. त्यांच्या जागा आणि वेळा आधी विचारून घेतल्या नाहीत तर स्लेज जाळ्यात जातो, आणि मग जाळंही जातं, स्लेजही जातो आणि त्या गावात पुढचा महिनाभर कुणी तुमच्याशी बोलत नाही.

अशा फेऱ्यांतून समान काउंटच्या रेषांचे नकाशे तयार होतात. पहिल्या फेरीत ठिपका, मग अंडाकृती, मग एका दिशेला लांबलेली शेपटी. दिशा तर डोळ्यांनीच कळते. प्रत्येक नकाशातल्या ढगाचा गुरुत्वमध्य काढला आणि दोन फेऱ्यांमधल्या दिवसांनी भागलं, की कणांचा सरासरी वेग मिळतो. तो बहुतेक वेळा दिवसाला काही मीटर एवढाच निघतो, पाण्याच्या वेगाच्या मानाने काहीच नाही. याला हलणाऱ्या थराची जाडी, पट्ट्याची रुंदी आणि गाळाची घनता यांनी गुणलं, की दिवसाला किती टन वाळू सरकते तो आकडा येतो.

वेग आणि रुंदी नकाशावर दिसतात. जाडी दिसत नाही, आणि सगळी गडबड तिच्यातच आहे. वाळूचा वरचा थर लाटेने घुसळला जातो आणि ट्रेसर त्यात मिसळतो. ओल्या वाळूचा पाच-एक सेंटीमीटरचा थर या ऊर्जेचे किरण निम्म्यावर आणतो. म्हणजे ट्रेसर जितका खोल मिसळला तितके एकूण काउंट कमी. याचाच उलटा उपयोग १९६६ मध्ये फ्रान्समध्ये कुर्तुआ आणि सोझे यांनी केला: सोडलेला किरणोत्सार माहीत आहे, सगळ्या क्षेत्रावरच्या काउंटांची बेरीज मोजलेली आहे, तर या दोहोंवरून सरासरी किती खोल गाडला गेला ते काढायचं. युक्ती सुंदर आहे. पण तिच्यात एक गृहीतक आहे, की सगळा ट्रेसर अजून तुमच्या नकाशातच आहे.

समजा वादळानंतर गेलात, मधल्या दिवसांत आपोआप कमी झालेला किरणोत्सार हिशोबात धरूनही बेरीज साठ टक्केच भरली. उरलेला चाळीस टक्के खोल गाडला गेला, की क्षेत्राबाहेर वाहून गेला? पहिलं खरं धरलं तर थर जाड निघतो आणि वाहतुकीचा आकडा फुगतो. दुसरं धरलं तर आकडा लहान, पण मग ढगाचा गुरुत्वमध्यही चुकीचा, कारण लांब गेलेले कण मोजलेच नाहीत. माझ्या मते या ठिकाणी फक्त सूत्रावर विसंबणारा माणूस चुकीचा आकडा देतो आणि तो दशांशापर्यंत देतो. उपाय जुनाच आहे: जिथे काउंट जास्त तिथे नळी खुपसून गाभा काढायचा, दोन-दोन सेंटीमीटरचे काप करायचे आणि प्रत्येक काप मोजायचा. चार-पाच चांगले गाभे असतील तर वाद मिटतो. लाँचचं भाडं वाढतं म्हणून हा भाग वगळायची सूचना नेहमी येते, आणि ती मान्य करू नये.

चांगल्या प्रश्नाला ट्रेसर किती निर्णायक उत्तर देतो याचं जुनं उदाहरण लंडनचं आहे. टेम्स नदीच्या मुखातून काढलेला चिखल तिथे खाडीतच खालच्या अंगाला टाकत असत. १९५० च्या दशकाच्या मध्यात स्कँडियम-४६ ची काच चिखलासारखी बारीक करून सोडली (वर सांगितलेली गुठळ्यांची उणीव तिच्यात होतीच), तेव्हा ती समुद्राकडे न जाता उलटी वर शहराच्या दिशेने सरकलेली आढळली. कारण खारं पाणी जड, ते तळाने आत शिरतं आणि वरून गोडं पाणी बाहेर जातं. तळाजवळचा चिखल या आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर जातो. त्यानंतर चिखल नदीत टाकणं सोडून किनाऱ्यावर उपसून टाकण्याकडे लंडनचं बंदर वळलं. या अभ्यासामागे सर क्लॉड इंग्लिस होते. हे गृहस्थ इंग्लंडला परतण्यापूर्वी आपल्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात होते आणि पुण्याच्या जलसंशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या खडकवासल्याच्या संस्थेचे, संचालक होते. दख्खनच्या कालव्यांतला गाळ बघून गेलेला माणूस टेम्सच्या गाळावर बसला, आणि सह्याद्रीतल्या पुरासाठीचं त्याचं सूत्र तुम्ही परीक्षेला पाठ केलंच असेल.

आता धोक्याचं. तुमची शंका रास्त आहे, आणि "काही होत नाही हो" असं उत्तर देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, हिशोब मागा. एका मोहिमेत काही क्युरी (किरणोत्साराचं जुनं माप) एवढा ट्रेसर लागतो. पाच क्युरी धरू, म्हणजे १८५ अब्ज बेकरेल, म्हणजे सेकंदाला तितके अणू फुटतात. आकडा ऐकून घाम फुटतो. हा माल एका जागी, बंद कुपीत असताना खरोखर धोक्याचा असतो. शिशाच्या जाड भांड्यातून आणतात, लांबून हाताळतात, प्रत्येकाच्या छातीवर डोसमापक बिल्ला असतो, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय कुपी ट्रॉम्बेच्या बाहेर पडत नाही. म्हणजे धोक्याचा काळ आहे, पण तो लाँचवरच्या मोजक्या प्रशिक्षित माणसांच्या वाट्याचा आणि थोड्या वेळाचा.

तळावर पसरल्यावर काय होतं? एक चौरस किलोमीटर क्षेत्र आणि दहा सेंटीमीटरचा थर धरला तर सुमारे १ लाख ६० हजार टन वाळू झाली. त्यात १८५ अब्ज बेकरेल वाटले की किलोला साधारण १,१५० बेकरेल. साध्या मातीत नुसत्या पोटॅशियम-४० चेच जगाच्या सरासरीने किलोला ४०० बेकरेल असतात. म्हणजे नैसर्गिकपेक्षा जास्त, पण त्याच घराण्यातला आकडा, आणि त्यावर कित्येक मीटर पाणी. दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे सव्वादोन-अडीच वर्षांनी, तो हजाराव्या भागावर येतो. मधल्या काळात, विशेषतः पहिल्या काही दिवसांत ढग लहान असताना, तिथे मासेमारी किंवा कालवं-शिंपल्या गोळा करणं होत असेल तर ती जागाच निवडायची नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळणाऱ्या डोसचं माप) मर्यादा आहे, आणि प्रस्ताव करताना त्याच्या कितीतरी खाली राहायचं असा हिशोब दाखवावा लागतो. हे परिस्थितीवर अवलंबून आहे एवढं मात्र कबूल करतो. उथळ, बंदिस्त, लोकांच्या पायाखालच्या खाडीत मी हा ट्रेसर सोडायला सांगणार नाही. तिथे रंगवलेली, अतिनील दिव्याखाली चमकणारी वाळू वापरता येते. नमुने उपसून एकेक कण मोजत बसावं लागतं, पण चालतं. किंवा किरणोत्सारी नसलेलं दुर्मीळ मूलद्रव्य कणांत घालून सोडायचं आणि आणलेले नमुनेच फक्त प्रयोगशाळेत न्यूट्रॉनांसमोर धरायचे.

इतकं झाल्यावर उजनीकडे येऊ. उजनीचा प्रश्न "गाळ कुठे जातो" हा नाहीच. तो कुठेही जात नाही, येतो आणि बसतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की शहराला किती दिवसांआड पाणी येतं हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून गाळ किती साठला हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याला ट्रेसर लागत नाही. बोटीवरून इको साउंडरने खोली मोजून आणि उपग्रहाच्या चित्रांवरून पाणपसारा काढून ते काम होतं. नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) धरणांचे असे सर्व्हे करत आली आहे. शिवाय हे पिण्याचं पाणी आहे. खाऱ्या पाण्यातल्या उघड्या तळावर जे समर्थनीय आहे ते लोकांच्या नळाला जोडलेल्या जलाशयात नाही, मग आकडा कितीही लहान असो.

उजनीबद्दल खरा रंजक प्रश्न दुसरा आहे: हा गाळ येतो कुठल्या जमिनीवरून? उजनी ज्या भीमेवर आहे तिच्या वरच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, पवना अशी धरणं आधीच उभी आहेत आणि घाटातला बराच गाळ तीच अडवतात. मग खाली येतो तो मधल्या शेतांचा, की खचणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या काठांचा? याला निसर्गात आधीच सोडलेला एक ट्रेसर आहे: सीझियम-१३७. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुबॉम्ब चाचण्यांतून तो सगळ्या जगावर पावसाबरोबर पडला, १९६३ च्या सुमारास सर्वांत जास्त, आणि त्याच वर्षीच्या चाचणीबंदी करारानंतर झपाट्याने कमी झाला. मातीच्या चिकण कणांना तो घट्ट चिकटतो, म्हणून शेताच्या वरच्या थरात सापडतो आणि नाल्याच्या खोल काठात सापडत नाही. गाळातलं सीझियम बघून तो वरच्या थरातून आला की काठातून, हे निदान बोलता येतं.

गाळाचं वय काढायलाही हाच सीझियम वापरतात: गाळाच्या गाभ्यात ज्या खोलीवर तो सर्वांत जास्त, तो थर १९६३ च्या आसपासचा. आणि इथे उजनी बाद होते, कारण तिच्यात पाणी साठायला लागलं १९८० मध्ये. १९६३ चा थर तिच्या गाळाखाली, बुडालेल्या शेतांच्या जुन्या मातीत आहे. पण सोलापूरजवळचा हिप्परग्याचा एकरूख तलाव? तो १८७१ चा. बॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा त्यात नव्वद वर्षांचा गाळ बसलेला होता आणि त्यानंतर साठहून अधिक वर्षांचा त्यावर बसला आहे. १९६३ चा थर असलाच तर त्याच्या पोटात आहे. तुमच्या जागी मी असतो तर प्रोजेक्ट तिथेच केला असता.

हुरळून जाऊ नका, अडचणी खऱ्या आहेत. पहिली: सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे १९६३ चा जेमतेम चौथा हिस्सा उरलाय. वर आपण उष्ण कटिबंधात आणि पर्जन्यछायेत, इथे मुळात पडलाच कमी. साधा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर पुरणार नाही, जर्मेनियमचा डिटेक्टर आणि एकेका नमुन्याला दिवस-दीड दिवस मोजणी लागेल. दुसरी: काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वरची माती आत घसरते आणि पावसात भेग मिटते. त्यामुळे खोऱ्यातल्या शेतांच्या नमुन्यात सीझियम पुस्तकातल्यासारखं वरच्या थरात नीट बसलेलं दिसणार नाही, आणि तलाव आटून तळाला भेगा पडल्या असतील तर तिथेही तोच घोळ. तिसरी अडचण माणसांची. दुष्काळात तलाव आटला की गाळ उपसून शेतात नेतात. २०१७ पासून तर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी सरकारी योजनाच आहे. शेतकऱ्यासाठी ते उत्तम, पण तुमच्या गाभ्यातली वीस वर्षं एखाद्याच्या डाळिंबाच्या बागेत गेलेली असू शकतात.

म्हणून नळी खुपसण्याआधी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा आणि कुठल्या अंगाने ट्रॅक्टर उतरत होते ते विचारा. भिंतीजवळचा खोल भाग, जो कधी आटला नाही असं सगळे सांगतील, तो निवडा. किमान तीन गाभे काढा, एकावर विसंबू नका. सीझियमच्या जोडीला शिसं-२१० मोजून घ्या. ते युरेनियमच्या मालिकेतून हवेत सतत बनतं आणि पडतं, अर्धायुष्य २२.३ वर्षं, त्यामुळे १९६३ चं शिखर नीट दिसलं नाही तरी गाळ बसण्याचा वेग त्यावरून स्वतंत्रपणे काढता येतो. दोन्ही पद्धती एकच वेग सांगत असतील तर मार्गदर्शकांसमोर ताठ उभे राहा. नसतील तर गाभा ढवळला गेलाय असं लिहा, तोही निष्कर्षच आहे.

विद्यापीठाकडे जर्मेनियम डिटेक्टर नसेल तर ज्या प्रयोगशाळेत तो आहे तिथे मार्गदर्शकांमार्फत पत्र घालावं लागेल, आणि रांग असते, म्हणून गाभे काढायच्या आधीच घाला. काप दोन सेंटीमीटरचे करा, प्रत्येक कापाचं ओलं आणि १०५ अंशांवर वाळवलेलं वजन लिहून ठेवा, कारण वय सेंटीमीटरवर नाही तर साठलेल्या कोरड्या वजनावर काढायचं असतं. वाळवलेली माती हवाबंद डबीत भरून तीन आठवडे तशीच ठेवावी लागते, म्हणजे आतल्या रेडियमपासून होणारा रेडॉन आणि त्याच्या पुढची मालिका समतोलाला येते आणि जागेवरच तयार होणारं शिसं वजा करता येतं. हे तीन आठवडे वेळापत्रकात धरायला विद्यार्थी हमखास विसरतात. तुमची सबमिशनची तारीख बघून उलटे मोजत या.